घरी जुनं भावगीत रेकॉर्ड करताना आवाज ट्रॅकमध्ये बसत नाही (खोली, पट्टी, उशीर)

रामबागकर

नमस्कार मंडळी. साठच्या दशकातलं एक मराठी भावगीत घरी रेकॉर्ड करते आहे. ताल दादरा, मूळ गायिकेची पट्टी काळी चारच्या (पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) आसपास आणि मलाही तीच सोयीची, त्यामुळे पट्टी बदलायची नाही.

जागा इंदूरला, रामबागेतल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावरची खोली. १० बाय १२ फूट, छत १० फुटांवर, खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर गल्लीकडे उघडणारी खिडकी. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक, सॉफ्टवेअर रीपर. ट्रॅक म्हणून मूळ गाण्यातून एआयने आवाज काढून टाकलेली फाइल वापरते. हेडफोन लॅपटॉपला लावलेले आहेत.

अडचणी अशा:

आवाज डब्यात बसून गायल्यासारखा येतो, विशेषतः मध्य सप्तकात. भिंतींना एक इंच जाडीचा फोम लावला, पण फरक जवळपास नाही.

ट्रॅक पेटीशी जुळत नाही. काळी चारपेक्षा चढा आहे, पण पांढरी सहापर्यंतही पोहोचत नाही. ट्रॅकबरोबर गायलं की जमतं, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं की सगळं बेसूर वाटतं.

रेकॉर्ड झालेला आवाज तालाच्या मागे पडतो. सुरुवातीला कमी, शेवटच्या अंतऱ्यात जास्त.

सूर दुरुस्त करायला ऑटो-ट्यून लावलं तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) सपाट होते आणि गाण्यातला जीवच जातो.

शिवाय मागे बारीक गुणगुण आहे, पंखा बंद केला तरी जात नाही. पैसे कुठे घालावेत? नवा माइक घ्यावा का?

---

खर्ज

माइक बदलू नका. तुमचा माइक खोलीत जे आहे ते प्रामाणिकपणे ऐकवतो आहे. नवा, महागडा माइक तेच आणखी स्वच्छ ऐकवेल.

एक इंच फोम का चालत नाही ते आधी बघा. डब्यासारखा आवाज साधारण २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ३०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १.१४ मीटर, तिचा चौथा भाग सुमारे २८ सेंटिमीटर. शोषक वस्तू भिंतीपासून इतक्या अंतरापर्यंत पोहोचली तरच ती या पट्ट्यात नीट काम करते. भिंतीला चिकटवलेला पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो. म्हणजे खोली वरून मेलेली आणि मधून घुमणारी, यालाच आपण डबा म्हणतो. अंड्याच्या ट्रेची गतही तीच.

आता जागा. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. माइकच्या समोर तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंतसुद्धा. म्हणून शोषण गाणाऱ्याच्या पाठीमागे हवं. लोक माइकच्या मागे अर्धगोल ढाल लावतात, तिचा उपयोग त्यामानाने कमी. दोन जाड कापसाच्या रजया दोरीवर इंग्रजी व्हीच्या आकारात तुमच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून निदान ६ ते ८ इंच सोडून. अंतर जितकं जास्त तितकं खालपर्यंत शोषण होतं. खाली सतरंजी आणि तिच्यावर गादी. छताचं परावर्तन उरलं तर एक रजई डोक्यावरही आडवी बांधता येते.

खोलीच्या मधोमध बसू नका. १२ फुटांच्या बाजूने भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा. छत १० फूट आहे, म्हणून उभं राहून गाताना तोंड बरोबर ५ फुटांवर, म्हणजे मध्यावर येतं, तेही टाळा. गादीवर बसून गायलात तर हा प्रश्न आपोआप सुटतो.

लोखंडी कपाटाकडे खास लक्ष द्या. तार षड्जावर जोरात स्वर लावून झटकन थांबा आणि कान द्या. पत्रा, हँडल, वरचे डबे, देवघरातली घंटा, यातलं काही ना काही मागे झणझणत राहतं. रेकॉर्डिंगमध्ये ती झणझण स्वराच्या शेपटीला चिकटते आणि कुठल्याही प्लग-इनने निघत नाही. कपाटाची दारं उघडी ठेवा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट उलट चांगला शोषक आहे. वरचे डबे उतरवा.

शब्दांचा कागद किंवा मोबाइलचा स्टँड कुठे आहे? माइकच्या लगेच खाली सपाट वही धरली की आवाज तिच्यावरून उसळून दुसऱ्यांदा माइकमध्ये शिरतो. परावर्तित आवाजाला ३४ सेंटिमीटर जास्त चालावं लागलं तर तो एक मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात. आवाज पोकळ लागतो आणि दोष माइकच्या नावावर जातो. स्टँड माइकच्या मागे, तिरका, वर टॉवेल टाकून ठेवा.

आणि तोंड खिडकीकडे, माइकची पाठ खिडकीकडे. गल्लीतला आवाज माइकच्या बहिऱ्या बाजूने येईल. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू असताना मात्र टेक घेऊच नका, त्याला उपाय नाही. उन्हाळ्यात शेजारच्या कूलरचंही तेच, त्याची घरघर खालच्या पट्टीत असल्याने खिडकीची काच ती फारशी अडवत नाही.

---

मल्हारगंज

खर्ज यांच्याशी सहमत, फक्त रजईने २५० हर्ट्झच्या खालचं काही नीट होत नाही. कायमची खोली करायची असेल तर ५० मिलिमीटर जाडीच्या, घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचे दोन थर लाकडी चौकटीत घालून कापडात शिवून घ्या. २ बाय ४ फुटांच्या चार चौकटी पुरतात. कापड असं निवडा की तोंडाला लावून फुंकर मारली तर आरपार जाईल. आपल्या इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये खादी किंवा मांजरपाट मिळेल, रेक्झिन अजिबात नको. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. दोन चौकटी गाणाऱ्याच्या मागच्या कोपऱ्यांत तिरक्या, दोन दोन्ही बाजूंना.

---

मध्यलय

पट्टीचं उत्तर देतो, कारण जुन्या गाण्यांवर काम करणारे बहुतेकजण इथेच अडतात आणि आपल्या गळ्याला दोष देत बसतात.

जुनं गाणं आजच्या ४४० हर्ट्झच्या (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ धरणाऱ्या) मोजमापात बसेलच असं नाही. वाद्यं तेव्हा ज्या स्वराला लावली असतील तो स्वर वेगळा असू शकतो. पुढे टेपवरून तबकडी, तबकडीवरून कॅसेट, कॅसेटवरून डिजिटल अशा प्रवासात वेग थोडा मागेपुढे झाला की पट्टीही सरकते. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की गाणं पूर्ण एक सूर, म्हणजे पेटीची एक पट्टी, चढतं.

आधी मोजा. ट्यूनर गायिकेच्या आवाजावर लावू नका, आंदोलनामुळे काटा नाचत राहतो. मधल्या संगीतात बासरी, व्हायोलिन किंवा पेटीचा लांब ठेवलेला स्वर शोधा आणि तो किती सेंट वर आहे ते बघा. शंभर सेंट म्हणजे एक सूर. असं सुरुवातीला, मधे आणि शेवटी, तीन जागी मोजा. तीनही आकडे सारखे असतील तर काम सोपं. शेवट सुरुवातीपेक्षा दहा-पंधरा सेंट वेगळा असेल तर कुठल्या तरी प्रतीत वेग ढळलेला आहे. ती फाइल सोडा, गाण्याची दुसरी प्रत शोधा.

समजा ट्रॅक काळी चारपेक्षा ४० सेंट चढा निघाला. रीपरमध्ये त्या आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, प्लेबॅक रेट ०.९७७२ करा आणि 'प्रिझर्व्ह पिच' ची खूण काढा. गाणं ४० सेंटनी उतरून बरोबर काळी चारवर येईल. ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं पावणेपाच सेकंदांनी लांबेल, ते कानाला जाणवत नाही. वेग तोच ठेवून फक्त पट्टी उतरवण्याची सोयही आहे, पण ती इथे वापरू नका. त्यात सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडतं. सगळ्यात आधी तबल्याची चाट (किनारीवरचा ठोका) फाटते आणि बाया (डग्गा) चिखलात पडल्यासारखा लागतो. मोठी पट्टी बदलायची असेल तर हे आणखी वाढतं. दोन सुरांच्या पलीकडे कुठलाही तयार ट्रॅक ओढू नये, नवा वाजवून घ्यावा. आकडा काढायचं सूत्र: २ चा घात (उणे सेंट भागिले १२००). ट्रॅक २५ सेंट चढा असेल तर ०.९८५७, ५० असेल तर ०.९७१५.

हे केलं की तानपुरा, पेटी, ट्रॅक आणि तुम्ही एकाच षड्जावर येता.

आता लय. भावगीतं माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, क्लिकवर (यंत्राच्या ठरावीक टिकटिकीवर) नाहीत. मुखडा ज्या लयीत सुरू होतो तीच लय शेवटी राहत नाही, आणि अंतऱ्यावर जाताना गायिका किंचित थांबते ते तर गाण्याचं सौंदर्य आहे. तुम्ही स्वतःची वाद्यं भरायला एकच बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) ठरवलंत तर दोन आवर्तनांतच सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सुटते. म्हणून लयीचा नकाशा करा.

मूळ गाणं प्रोजेक्टमध्ये घाला. प्रोजेक्टचा टाइमबेस 'टाइम' वर ठेवा, नाहीतर खुणा टाकताना ऑडिओच सरकेल. स्नॅप बंद. टॅब दाबत पुढच्या ठोक्यावर जा आणि दर समेच्या 'धा' वर टेम्पो मार्कर टाका. दादऱ्याच्या एका आवर्तनाला किती सेकंद लागले ते बघा. ३६० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती मात्रा ते मिळतं. ३.८ सेकंदांचं आवर्तन म्हणजे ९४.७. केरवा असता तर ४८० ला भागायचं. प्रत्येक आवर्तनाला मार्कर टाकायला पाऊण-एक तास जातो, पण त्यानंतर क्लिक मूळ गाण्याबरोबर श्वास घेते. जिथे तबला थांबतो आणि आलापी येते तिथे मार्करची घाई करू नका. तबला पुन्हा पकडतो त्या समेवर एकदम टाका.

क्लिकचा आवाजही बदला. तो टोकदार बीप हेडफोनमधून गळून माइकमध्ये जातो. मंजिरी किंवा तबल्याचा हलका 'ना' ठेवा, आणि लांब स्वरांच्या जागी तोही उतरवा.

एआयने आवाज काढलेल्या ट्रॅकबद्दल एकच सांगतो. गायिकेचा आवाज जातो, पण त्याची गुंज राहते. तुमच्या स्वराच्या मागे तिच्या स्वराची सावली ऐकू येते, आणि तुमची हरकत (स्वरांची छोटी सजावट) तिच्यापेक्षा जराही वेगळी पडली की ती सावली उघडी पडते. डावा-उजवा चॅनल वजा करून आवाज काढण्याची जुनी युक्ती तर मोनो गाण्यावर चालतच नाही, दोन्ही बाजू सारख्याच असल्याने सगळंच पुसलं जातं. तेव्हा हा ट्रॅक रियाजाला आणि नकाशा करायला ठेवा. शेवटच्या रेकॉर्डिंगला पेटी, तबला, तानपुरा एवढंच असलं तरी ते खरं असू द्या.

---

देवासनाका

उशीर आणि गुणगुण, दोन्हींचं मूळ तुमच्या प्रश्नातच दिसतं.

उशीर वाढत जातो आहे, यावरून दोन घड्याळं चालू आहेत हे कळतं. माइक इंटरफेसमधून, हेडफोन लॅपटॉपमधून. दोघांची स्फटिकं वेगळी. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद सरकतात. हेडफोन इंटरफेसच्या जॅकला लावा. रीपरमध्ये प्रिफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज नेणारं जोड-सॉफ्टवेअर) निवडा, सर्वांसाठी म्हणून मिळणारा नको. सँपल रेट ४८,००० ठेवला असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही तोच ठेवा. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला कधीच नाही, त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात जातो.

एवढ्यावर वाढणारा उशीर जाईल. ठरावीक, सगळीकडे सारखा उशीर उरला तर तो मोजून काढता येतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये द्या, एक ठोका वाजवा आणि रेकॉर्ड करा. मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांत किती सँपलचा फरक आहे ते बघून रीपरच्या रेकॉर्डिंगच्या पानावर आउटपुट ऑफसेटमध्ये तो आकडा भरा. ४८० सँपल म्हणजे १० मिलिसेकंद. हे करताना फँटम पॉवर (इंटरफेस कंडेन्सर माइकला देतो ती वीज) बंद ठेवा.

गाताना स्वतःचा आवाज ऐकायला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बटण वापरा. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तितके सँपल) १२८ ठेवलात तरी जाण्या-येण्याचा मिळून सात-आठ मिलिसेकंदांचा उशीर पडतोच, आणि गाणाऱ्याला तो हाडातून येणाऱ्या स्वतःच्या आवाजाशी भांडताना जाणवतो. डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा येईल. आपल्याकडच्या गाणाऱ्यांना एक कान उघडा ठेवायची सवय असते. ठेवा, पण त्या बाजूचा हेडफोन बंद करा. गालावर सरकवलेला चालू हेडफोन हा ट्रॅक माइकमध्ये गळण्याचा सगळ्यात मोठा रस्ता आहे.

गुणगुण. दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम बघा. ५०, १००, १५० हर्ट्झला सुळके दिसले तर वीज. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि पुन्हा ऐका. गेली तर चार्जर आणि अर्थिंग. बॅटरीवर रेकॉर्ड करा, तात्पुरतं भागेल. पिना काढून किंवा अर्थची वायर तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, झटक्याने जीव जाऊ शकतो.

कायमचा इलाज अर्थिंगचा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, इलेक्ट्रिशियनकडूनच. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. दहाच्या पुढे असेल तर अर्थिंग नावालाच आहे. जुन्या वाड्यांत हे नेहमी दिसतं. त्यात माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडला धरूनच राहत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. पाणी घातल्यावर गुणगुण उतरली तर निदान बरोबर.

सुळके नसतील आणि नुसती सळसळ असेल तर गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणारी खुंटी) बघा. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सरासरी उणे १८ आणि सगळ्यात मोठा स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास. लाल दिव्याजवळ नेण्याची गरज २४ बिटला राहिलेली नाही. शांत खोलीची पातळी उणे ६० च्या खाली असेल तर पुढे कंप्रेसर लावूनही त्रास होत नाही. पंखा चालू ठेवलात की ती सहज उणे ४५ वर येते.

---

कोमलनिषाद

ऑटो-ट्यूनचा विषय राहिला. इंदूर लतादीदींचं जन्मगाव, इथे त्या पिढीचं गाणं कानात घेऊनच लोक गायला लागतात. त्या गाण्यात स्वरापेक्षा स्वराकडे जाण्याची वाट मोठी आहे. स्वयंचलित दुरुस्ती नेमकी ती वाट बुजवते. तिला फक्त बारा खुंट्या माहीत असतात. रे वरून प वर जाणारी मींड तिला वाटेत चार वेळा चुकलेला आवाज वाटते.

म्हणून स्वयंचलित मोड बंदच. मेलोडाइनसारख्या हाताने दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त न्यासाचे, टिकवलेले स्वर निवडा, जिथे स्वर दीड-दोन मात्रा उभा आहे. त्याचा मध्य साठ-सत्तर टक्के योग्य जागी न्या, शंभर टक्के नाही. कंप तसाच ठेवा. मींड, मुरकी, खटका यांच्या ठोकळ्यांना हात लावू नका. मींडेचा शेवटचा स्वर हलवायचा असेल तर ठोकळा मींड संपल्यानंतर कापा, आधी नाही. मींडच चुकली असेल तर ती ओळ पुन्हा गा. आधीच्या ओळीपासून गात या आणि श्वासावर पंच-इन करा (तिथूनच रेकॉर्डिंग सुरू करा). नुसता शब्द तोडून गायला की आवाजाचा लगाव बदलतो आणि जोड दिसतो.

आणि आधी हे तपासा, की बेसूर वाटतंय ते खरंच गळ्यामुळे आहे का. तानपुऱ्यात आपोआप निघणारा गांधार षड्जाच्या ५/४ पट असतो, म्हणजे ३८६ सेंट. कीबोर्डचा किंवा पेटीचा गांधार ४०० सेंटवर. काळी चारच्या सा ला, म्हणजे २०७.६५ हर्ट्झला, एक गांधार २५९.६ आणि दुसरा २६१.६ वर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. गाणारा मधे कुठेही लागला तरी एकाशी भांडण होतंच. शुद्ध गांधार ठळक असलेल्या चालीत कीबोर्डचं लांब धरलेलं कॉर्ड आणि तानपुरा दोन्ही ठेवू नका. तानपुरा ठेवायचा असेल तर कीबोर्डने सा आणि प एवढंच धरावं. पेटी चालते, फक्त तिने स्वर तुटक वाजवावेत आणि गांधारावर थांबून राहू नये.

माइकच्या अंतराबद्दल थोडं. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर मधे, माइक तोंडाच्या सरळ समोर न ठेवता १५-२० अंश बाजूला. मराठीत भ, ख, घ, ध, ठ यांचे फुत्कार इतके येतात की सरळ ठेवलेल्या माइकवर 'भाव' चा भ धपकन आदळतो. नंतर ८० हर्ट्झखालचं कापून तो थोडाच जातो. बाजूला ठेवलात की हवा माइकच्या शेजारून निघून जाते. स आणि श टोचत असतील तर माइक कपाळाच्या उंचीवर नेऊन खाली वळवा. माइक फार जवळ घेतला तर खर्ज फुगतो; तो गोडवा गाण्याला सुरुवातीला बरा वाटतो आणि मिक्समध्ये पेटीवर बसतो.

---

रामबागकर

मंडळी, मनापासून आभार. हेडफोन इंटरफेसला लावल्यावर सरकणारा उशीर गेला. चार्जर काढल्यावर गुणगुणही गेली, अर्थिंग तपासायला सांगितलं आहे. ट्रॅक ३८ सेंट चढा निघाला, तिन्ही ठिकाणी सारखा.

मध्यलय म्हणतात तसं पेटी-तबल्यावरच करायचं ठरवते. इनपुट दोनच आहेत. दोघांना एकाच वेळी घ्यावं की वेगळं? आणि हे यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचं काय?

---

मल्हारगंज

कॉपीराइटचं सांगतो. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार आणि कवी यांच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. एआयने आवाज काढलेला ट्रॅक म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणच. त्यावर गाऊन टाकलंत तर ध्वनिमुद्रणाचा हक्क जिवंत असल्यास दोन्ही हक्कांना हात लागतो. पेटी-तबला स्वतःचा असेल तर प्रश्न फक्त चाल आणि शब्दांचा उरतो.

१९५७ च्या कायद्यात २०१२ साली ३१सी हे कलम आलं. त्यानुसार पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन नवं ध्वनिमुद्रण काढता येतं. पण वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे चाल किंवा शब्द बदलता येत नाहीत. एकट्या माणसाला ही वाट परवडणारी नाही. यूट्यूबवर प्रत्यक्षात होतं ते असं, की चाल ओळखली जाते, कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम येतो, व्हिडिओ बहुधा राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवरची शिक्षा) नव्हे, घाबरून वाद घालू नका. वर्णनात कवी, संगीतकार आणि मूळ गायिका यांची नावं ठळक लिहा. क्लेम त्याने टळत नाही, पण ते आपलं कर्तव्य आहे.

---

मध्यलय

वेगळं घ्या. एका खोलीत दोघे एकदम बसले तर तबला पेटीच्या माइकमध्ये शिरतो आणि नंतर पेटीची एक चूक काढायची तर तबलाही कापावा लागतो. क्रम असा: लयीच्या नकाशावर तानपुरा आणि तुमचं कच्चं गाणं, त्यावर तबला, मग पेटी, आणि शेवटी पक्कं गाणं. तबलजींना कच्चं गाणं ऐकू आलंच पाहिजे. नुसत्या क्लिकवर वाजवलेला दादरा सरळसोट निघतो, अंतऱ्यावर थांबत नाही.

तबल्याला दोन्ही इनपुट द्या. दायाँच्या शाईपासून २५-३० सेंटिमीटर वर एक माइक, किनारीकडे रोखलेला, म्हणजे चाट स्वच्छ येते. बायाँला दुसरा, तेवढ्याच उंचीवर, मनगट घासतं त्या बाजूला नको, नाहीतर घिस्साऐवजी हाताची खरखर येते. दोन माइकमधलं अंतर प्रत्येक माइक आपापल्या पुडीपासून जितका लांब आहे त्याच्या तिप्पट असावं असा नियम आहे. तबल्यावर तो पूर्ण पाळता येत नाही. म्हणून दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना एकाची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या स्थितीत बाया भरदार लागतो ती ठेवा. दुसरा माइक नसेल तर एकच, दोघांच्या मधोमध, ४० सेंटिमीटर वर, थोडा दायाँकडे झुकलेला.

दायाँ काळी चारला लावा आणि प्रत्येक टेकआधी तपासा. पावसाळ्यात कातडं ओल धरून उतरतं, उन्हाळ्यात कोरड्या हवेत चढतं. टेकपुरता पंखा बंद, दोन टेकच्या मधे चालू, असं झालं की अर्ध्या तासात दहा सेंट सहज सरकतात. तबला खोलीत आणल्यावर थोडा वेळ तसाच ठेवून मगच लावा.

पेटी रीडच्या बाजूने, ३०-३५ सेंटिमीटरवरून घ्या, भात्याच्या बाजूने नाही. पेटीच्या फार जवळ माइक नेला तर पट्ट्यांची टकटक गाण्याइतकीच ऐकू येते. पेटी आधी ट्यूनरवर मोजा. रीड ४४० ला असतीलच असं नाही. पेटी ८ सेंट चढी निघाली तर तिला हलवता येत नाही, म्हणून तानपुरा, तबला आणि तुम्ही, सगळे तिच्यावर जा. नकाशा काढलेला ट्रॅकही तेवढाच वर घ्या. ३८ चढा होता, आता फक्त ३० उतरवायचा, म्हणजे रेट ०.९८२८. त्याने गाण्याची लांबीही बदलेल, म्हणून मार्कर टाकायच्या आधी पेटी मोजा.

मिक्समध्ये आवाज वाद्यांच्या पुढे उपटून निघाल्यासारखा वाटला तर ८ किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल उतरवा. कंडेन्सरची चमक पेटी-तबल्याच्या शेजारी परकी लागते. २५० ते ४०० च्या पट्ट्यात दोन डेसिबल कमी, कंप्रेसर ३:१, अ‍ॅटॅक १५ मिलिसेकंदांच्या आसपास, कंप्रेसर आवाज किती दाबतो ते दाखवणारा काटा पाच डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. रिव्हर्ब प्लेटचा, दीड सेकंदाचा, आधी ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले, आणि रिव्हर्बमधून ३०० च्या खालचं आणि ६ हजारांच्या वरचं कापून टाका. यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक (सगळ्यात मोठं टोक) उणे १. त्याआधी एकदा मोनो करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. तबल्याची फेज उलटी राहिली असेल तर बाया तिथे गायब होतो.